उपवनवरचं संक्रांतीचं फॅमिली शूट: फोटोग्राफर पास, एडिटिंगला एटीकेटी

आधी निकाल सांगून टाकतो, म्हणजे घाईतल्यांना पुढे वाचायला नको. ठाण्यातल्या एका तरुण फोटोग्राफरकडून जानेवारीत आम्ही घरच्यांचं आउटडोअर शूट करून घेतलं. सात माणसं, दीड तास, साडेनऊ हजार रुपये, चाळीस एडिट केलेले फोटो आणि १२ बाय १८ ची एक फ्रेम. आधीची तयारी आणि प्रत्यक्ष शूट, दोन्हींना दहापैकी नऊ. एडिटिंगला चार. फ्रेमला सहा, तेही भांडून पुन्हा करून घेतली म्हणून. नाव मुद्दाम देत नाही. पुढे तक्रार आहे आणि पोरगा कष्टाळू आहे, एका रिटायर्ड माणसाच्या कुरकुरीने त्याच्या धंद्याला धक्का लागायला नको. पण तो काम कसं करतो ते नीट लिहितो. तुम्ही ज्याला बोलवाल त्याच्याकडून तेवढं तरी वसूल करा.

माझी पात्रता म्हणाल तर वागळे इस्टेटमध्ये ऑफसेट प्रेसमध्ये आयुष्य गेलं. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, औषधांची खोकी, साड्यांचे कॅटलॉग. कॅमेऱ्यातलं फारसं कळत नाही, पण कागदावर आलेला रंग खरा की खोटा, ते लांबून कळतं.

निमित्त होतं नातीच्या पहिल्या संक्रांतीचं. बोरन्हाण, हलव्याचे दागिने, सगळ्यांचे काळे कपडे. लेकीच्या बोरन्हाणाचे फोटो घरात ट्यूबलाइटखाली रोलवर काढले होते, ते अजून कपाटात आहेत आणि सगळे हिरवट आहेत. नातीचे उजेडात निघावेत एवढीच माझी अट.

फोन बऱ्याच ठिकाणी केले. बहुतेकांनी पहिल्या दमात पॅकेजं ऐकवली, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. एकजण फुगे, लाकडी घोडा आणि पांढरा तंबू फुकट देणार होता. संक्रांतीला तंबू कशाला, त्यालाच ठाऊक. या पोराने मात्र पहिलाच प्रश्न टाकला, "काका, बाळ सकाळी उठतं कधी आणि पहिली झोप कधी काढतं?" दुसरा प्रश्न, गुडघे कोणाकोणाचे दुखतात. तिसरा, कपडे ठरलेत का. पैशांचा विषय शेवटी मलाच काढावा लागला. मी तिथेच ठरवलं की हाच.

जागेवरून घरात तीन पक्ष. विहीणबाईंना वाशीच्या खाडीकाठचं सागर विहार हवं होतं, तेही सूर्यास्ताला. लेकीला नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई हे उद्यान, तेही खाडीच्याच बाजूला, कारण तिच्या घराजवळ. जावईबापूंच्या डोक्यात फ्लेमिंगो. फोटोग्राफरने प्रत्येकाला कारण देऊन नाही म्हटलं, आणि कारणं पटण्याजोगी होती. खाडीकाठी सूर्य पश्चिमेला पाण्यावर मावळतो. देखावा झकास, पण उजेड माणसांच्या पाठीमागे, म्हणजे चेहरे काळे पडणार. फ्लॅशने उजळता येतात, पण दहा महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांवर संध्याकाळभर फ्लॅश कोण मारणार? शिवाय तिन्हीसांजेचे खाडीचे डास. ओडोमॉस लावून सुद्धा फ्रॉकमधल्या पोरीचे पाय लाल झालेच असते. विहीणबाई गप्प बसल्या त्या डासांच्या मुद्द्यावर, उजेडाच्या नाही.

फ्लेमिंगोंचं गणित भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटीला ते चिखलात खायला पसरतात, पाणी चढलं की काठाच्या पाणथळींकडे सरकतात. ऐरोलीहून बोटी सुटतात त्याही भरतीची वेळ बघून. आपल्या बाळाची झोप आणि खाडीची भरती यांची वेळ जुळायची म्हणजे योगच. जुळली तरी लांबचे पक्षी मोठ्या लेन्सने जवळ ओढायचे आणि त्याच वेळी पुढ्यातली सात माणसं चौकटीत बसवायची, हे होणे नाही. आणि ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. चिखलात उतरून पोझ देण्याचा प्रश्नच येत नाही. जावईबापूंनी बोट वेगळी करावी, असं ठरलं. ती अजून व्हायची आहे.

राहिला ठाण्यातलाच उपवन तलाव. येऊरचे डोंगर तलावाच्या पश्चिमेला आहेत. रोज तिथे फिरायला जाणाऱ्या ठाणेकरांच्याही हे चटकन ध्यानात येत नाही. पंचांगात सूर्यास्त सव्वासहाच्या पुढचा असला, तरी घाटावरचं ऊन त्याच्या बरंच आधी जातं, कारण डोंगर आडवा येतो. संध्याकाळी सहाची वेळ घेऊन तिथे आलेली कुटुंबं निळसर सावलीत उभी राहून फोटो काढून घेतात आणि मग फोटोग्राफर ते संगणकावर पिवळे करतो. सकाळचा मामला बरोबर उलटा. ऊन शहराच्या बाजूने येतं, माणसांच्या तोंडावर पडतं आणि मागचा डोंगरही उजळतो. मधे टॉवर आहेत, त्यामुळे घाटाच्या पायऱ्यांपर्यंत ऊन पोचायला जानेवारीत आठ वाजायला येतात. हे आम्हाला कळलं कसं? शूटच्या आठवड्यात तो स्वतः सकाळी जाऊन आला आणि रिकाम्या घाटाचे फोटो, खाली वेळ लिहून, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले. साडेसात, सावली. आठ, वरच्या तीन पायऱ्या. सव्वाआठ, पूर्ण घाट. साडेनऊ हजारांतले निम्मे मी या तीन फोटोंचे धरतो.

वर येऊरला जाऊ या का, असंही कोणीतरी म्हणालं. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, बिबट्याचा वावर आहे, परवानगीशिवाय आत शूट करणार नाही, असं त्याने स्वच्छ सांगितलं. गिऱ्हाइकाला असं नाही म्हणणारे हल्ली कमी.

वेळेचं आणखी एक. २२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो हे आपण शाळेत शिकलो, म्हणून जानेवारीत सूर्य लवकर उगवत असेल असं वाटतं. तसं होत नाही. दिवस वाढतो तो संध्याकाळच्या टोकाला. सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत पुढेच सरकत राहतो आणि आपल्याकडे सव्वासातवर जातो, वर्षातला सर्वांत उशिराचा. तेव्हा 'पहाटेची कोवळी किरणं' म्हणून साडेसहाची वेळ देणारा फोटोग्राफर भेटला, तर तो जानेवारीत सकाळी कधी बाहेर पडलेला नाही असं समजा. थंडीचा फायदा पुढे आहे. मेच्या मध्यावर ठाण्यात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. डिसेंबरअखेर मात्र दुपारीसुद्धा ४७-४८ अंशांच्या वर चढत नाही. ऊन तिरपंच राहतं. मेमध्ये नऊ वाजता डोळ्यांखाली सावल्यांचे खड्डे पडलेले असतात, जानेवारीत साडेनऊपर्यंत चेहरे छान दिसतात. म्हणजे बाळाला निवांत उठवून, भरवून, कानटोपी घालून आणायला वेळ मिळतो.

आता कपडे. इथे माझं त्या पोराशी पटलं आणि इंटरनेटशी बिनसलं.

फॅमिली शूटचे सल्ले वाचायला घ्या, सगळीकडे क्रीम, बेज, फिका गुलाबी. हे सल्ले जिथे थंडीत झाडं लाल-पिवळी होतात तिथले. आपल्याकडे थंडीतल्या सकाळी दिसतं काय? धुकं थोडं, धुरळा फार. जमिनीलगतची हवा गार, वरची कोमट, वारा पडलेला. बांधकामांची धूळ आणि घोडबंदरच्या गाड्यांचा धूर वर जायला वाटच नाही. डोंगर फिका राखाडी, आकाश त्याहून फिकं, पाणीही तसंच. त्यापुढे बेज कपड्यातलं कुटुंब उभं केलं की छापताना सगळं एकाच पट्टीत बसतं, माणूस कुठे संपला आणि डोंगर कुठे सुरू झाला ते शोधावं लागतं. इथे गडदच पाहिजे. काळा, मरून, बाटली हिरवा, जांभळा. संक्रांतीचा काळा रंग आपल्या पूर्वजांनी उबेसाठी ठरवला असेल, पण उपवनच्या धुरकट सकाळी त्याच्याइतका उठून दिसणारा रंग दुसरा नाही.

अर्थात काळ्याचा त्रास छपाईवाल्याला विचारा. काळं वस्त्र सावलीत उभं केलं की त्याचा पोत जातो आणि कागदावर नुसता डाग राहतो. या पोराने आमच्या सौ.ना थोडं तिरकं बसवलं, ऊन पदरावरून घसरत जाईल असं. फोटोत चंद्रकळेवरच्या चांदण्या मोजता येतात, निऱ्यांची घडीन्‌घडी सुटी दिसते. साड्यांच्या कॅटलॉगला असा काळा मिळावा म्हणून आम्ही मशीनवर शाईच्या चाव्या फिरवत अर्धा दिवस घालवायचो.

आदल्या रात्री त्याने सगळ्यांचे कपडे पलंगावर एकत्र मांडून फोटो मागवला होता. जावईबापूंचा बारीक काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट तिथेच बाद. बारीक रेघा आणि कॅमेऱ्याच्या सेन्सरची जाळी एकमेकींत अडकल्या की कापडावर नसलेल्या लाटा फोटोत उमटतात. प्रेसमध्ये याच भीतीने चार रंगांच्या ठिपक्यांच्या जाळ्या वेगवेगळ्या कोनांत ठेवतात, काळा ४५ अंशांत, बाकीचे त्याच्या इकडेतिकडे. पोराला हे कोन ठाऊक नव्हते, शर्ट मात्र अचूक ओळखला. विहीणबाईंच्या पोपटी शालीलाही शूटपुरती बंदी झाली, कारण उन्हात तिचा हिरवा रंग हनुवटीवर चढतो. बाळाची मालीश त्याने सकाळी करू नका म्हणून सांगितलं. खोबरेल तेलाचं कपाळ उन्हात चमकतं आणि ती चमक नंतर निघत नाही. फुटलेल्या ओठांना मात्र आदल्या रात्री तूप लावा म्हणाला, मोठ्यांनीसुद्धा. आम्ही सगळ्यांनी लावलं.

हलव्याच्या दागिन्यांचं सविस्तर लिहितो, कारण याबद्दल कुठेच वाचायला मिळालं नाही. आम्ही जांभळी नाक्याच्या बाजारातून मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा आणि मुरली असा सेट घेतला. काटेरी हलवा म्हणजे तीळ नाहीतर साबुदाण्यावर मंद आचेवर थेंबाथेंबाने पाक चढवलेली साखर. आणि साखर हवेतला ओलावा ओढते. तलावाकाठी सकाळी दव असतं, त्यामुळे उघड्यावर ठेवलेला हलवा चिकट होतो, काटे बसतात, वर काळ्या फ्रॉकचं सूत त्याला चिकटतं. म्हणून दागिने घट्ट झाकणाच्या डब्यात आणायचे आणि सगळ्यात शेवटी घालायचे. बाळ ते तोंडात घालणार हे धरूनच चालायचं, त्यामुळे आधी जवळून मुकुटाचे फोटो, मग हाराचे. आमच्या नातीने मुरलीचं टोक पहिल्याच झटक्यात चाटून साफ केलं. सुटे दाणे घशात जाऊ नयेत म्हणून लेकीने शिवण आदल्या दिवशी दोऱ्याने पक्की केली होती, तेही करा. पांढरा हलवा काळ्या कापडावर म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षा. कापड दिसायला गेलं की हलवा नुसता पांढरा गोळा होतो. इथे एकेका दाण्याचे काटे दिसतात. या एका फोटोसाठी मी एडिटिंगचे चार मार्क दिलेत, नाहीतर दोनच होते.

बोरन्हाणाला मोठी चादर अंथरली. ती त्याचीच सूचना, नाहीतर चुरमुरे पायऱ्यांवर सांडून ठेवून जाणारे आपले लोक कमी नाहीत. बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे कडेला शोभेला ठेवले, डोक्यावरून फक्त चुरमुरे आणि थोडा हलवा. दोन कावळे पहिल्यापासून रांगेत होते. त्यातला एक तीन फोटोंत आलाय, आणि मी तो काढू दिला नाही.

प्रत्यक्ष शूटबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण सुरळीत झालं. गुडघेवाल्यांना बसायला त्याने घडीचे स्टूल आणले होते आणि ते साडीखाली दिसणार नाहीत असे ठेवले. मदतनीस थर्माकोलची पांढरी शीट धरून चेहऱ्यावर उजेड वळवत होता. सकाळच्या फिरणाऱ्यांना "काका, अर्धा मिनिट" म्हणायची पद्धतही बरी होती, कोणी चिडलं नाही. एकच खटकलं. बाळ खुशीत असताना मधली वीस मिनिटं त्याने मोबाइलवर रील काढण्यात घालवली. रील आम्ही मागितलं नव्हतं, ते त्याच्या जाहिरातीचं. त्यानंतर बाळ कंटाळलं आणि माझा तिच्याबरोबरचा फोटो रडका आला. रील काढायचं असेल तर शेवटी काढा, असं आधीच बजावून ठेवा.

आता एटीकेटीचा विषय. दहा दिवसांत देतो म्हणालेले फोटो तीन आठवडे उलटल्यावर आले, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे आकसून. आणि रंग! सगळ्या फोटोंवर एकच तयार पिवळा-केशरी मुलामा. नात हळद लावल्यासारखी, आकाश चहाच्या रंगाचं, चंद्रकळा तपकिरी. ज्या उजेडासाठी हा मुलगा शूटच्या आधी घाटावर जाऊन उभा राहिला, तोच त्याने संगणकावर बसून पुसला. वर त्वचा इतकी गुळगुळीत केली की सौ.च्या डोळ्यांकडच्या सुरकुत्या गायब आणि माझ्या कपाळावरची खूणही गायब. ती खूण कटिंग मशीनच्या दांड्याची आहे, ती जाऊन कसं चालेल? फोन केला तर म्हणाला, "काका, क्लायंटना असंच आवडतं." मी म्हटलं, मी क्लायंटच आहे ना? हसला, आणि दुसरा राउंड पैसे न घेता करून दिला. तो पुष्कळ बरा, सुरकुत्या परत आल्या. तरी काही फोटोंत गालांवर केशरी झाक राहिली आहेच. तुम्ही शूटच्या आधीच लिहून घ्या, त्वचा गुळगुळीत करायची नाही, रंग होते तसे ठेवायचे, फाइली ड्राइव्हवर द्यायच्या. आणि फोटो तपासताना मोबाइलचा ब्राइटनेस निम्म्यावर आणा, रंग भडक दाखवणारा मोड बंद करा.

फ्रेमची तऱ्हा वेगळी. पहिली आली ती मऊ, म्हणजे फोटोतल्या रेघा धूसर, आणि काळा लाल मारत होता. विचारल्यावर कळलं, लॅबला त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची लहान फाइलच दिली होती. १८ इंचांना इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने ५४०० पिक्सेल लागतात, त्या फाइलची लांब बाजू होती २०४८. मूळ फाइलवरून पुन्हा काढली, आधी एक छोटा प्रिंट प्रूफ म्हणून मागवला, तो खिडकीत धरून पाहिला आणि मग हो म्हटलं. मॅट कागद घेतला, कारण आमच्या हॉलमध्ये समोरच खिडकी आहे आणि ग्लॉसीत फोटोपेक्षा खिडकी जास्त दिसते. १२ बाय १८ मागितलं तेही हिशेबाने. कॅमेऱ्याचा फोटो दोनास तीन असतो, या मापात तो पूर्ण बसतो. ८ बाय १० ची तयार फ्रेम आणाल तर कडेची माणसं कापली जातात, आणि कडेला बहुधा विहीणबाईच उभ्या असतात.

बुकिंगबद्दल एक आतली गोष्ट त्यानेच सांगितली. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मास, लग्नं जवळपास नसतात, त्यामुळे चांगले फोटोग्राफर मोकळे असतात आणि दरात घासाघीस चालते. संक्रांत ते रथसप्तमी मात्र बोरन्हाणांची झुंबड, त्यातले शनिवार-रविवार डिसेंबरातच भरतात. आम्हाला बुधवार मिळाला, जावईबापूंनी अर्धी रजा टाकली, आणि घाटावर गर्दीही निम्मीच होती.

पुढच्या वर्षी याच पोराला बोलावणार आहे. फक्त मूळ फाइली घेऊन रंग मी घरी बसून करीन, तू एडिटिंगचे पैसे कमी कर, असा मेसेज त्याला टाकलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.